गंमत, उपहास आणि वर्मस्पर्श

आठवी ते दहावीची पोरे वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढतात. पहिले चार दिवस गृहपाठ, पाचव्या दिवसापासून चिडवाचिडवी. कुणाचे तोतरे बोलणे, कुणाची उंची, कुणाच्या बापाचा धंदा, कुणाचे आडनाव. मग फोटो येतात, फोटोला दुसऱ्याचे डोके लावले जाते, खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागते. एक दिवस ते लेकरू पोटात दुखते म्हणून शाळेत जात नाही. आठवडाभर गेले नाही की मग घरच्यांना पत्ता लागतो. विचारायला जावे तर सगळ्यांचे उत्तर एकच, "आम्ही गंमत केली."

पूर्वी आईबाप पोराला महाराजांकडे आणायचे ते अभ्यास करत नाही, उलट बोलतो म्हणून. माळ घाला म्हणायचे. आता काल्याचा प्रसाद वाटून झाला की कोणीतरी मांडवाच्या कडेला घेऊन जातो आणि फोन पुढे करतो. गुडघ्यांनी उभे राहू दिले नाही म्हणून मी कीर्तनातून निवृत्त झालो, पण लोकांचे प्रश्न निवृत्त होत नाहीत. "गंमत केली" हे उत्तर पुरे आहे का, एवढाच विचार येथे करायचा आहे.

हे खेड्यातल्या पोरांचे वळण की शहरातल्या, गरिबाघरचे की श्रीमंताघरचे, हा वाद फुकटचा आहे. २०१९ च्या डिसेंबरात मुंबईतल्या एका आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या शाळेचे प्रकरण वर्तमानपत्रांत आले होते. तेरा-चौदा वर्षांची आठ मुले, खाऊनपिऊन सुखी घरांतली. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गातल्याच मुलींविषयी जे चालले होते ते या पानावर लिहिण्याजोगे नाही. रूपाची टवाळी तर होतीच, पण अत्याचाराच्या गोष्टीसुद्धा थट्टेच्या सुरात चालल्या होत्या. ते मुलींच्या घरी कळले, शाळेकडे तक्रार गेली, शाळेने आठही मुलांना निलंबित केले. ते संभाषण शंभरावर पाने भरेल एवढे होते, असे बातमीत होते. अख्खा हरिपाठ खिशातल्या चिमुकल्या पुस्तकात मावतो, आणि येथे शंभर पाने! एका वाक्यात जीभ घसरली असे म्हणता येते. शंभर पाने घसरत नाहीत. आठांपैकी एकट्या एकाने घरात बसून हे सगळे लिहिले असते असे मला वाटत नाही. पहिला थोडे बोलला, दुसऱ्याला त्याच्यावर चढ करायची होती, तिसऱ्याला दोघांवर. कुस्तीच्या फडात बोली चढत जाते तशी ती भाषा चढत गेली.

आता पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो अगदीच टाकाऊ नाही. आपला संप्रदाय भावाला मानतो. देव काय वाहिले ते पाहत नाही, कोणत्या भावाने वाहिले ते पाहतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. मग पोरगा म्हणेल, माझ्या मनात तिला दुखवायचे नव्हते, सगळे हसावे एवढेच होते. भाव शुद्ध तर दोष कुठला? हा प्रश्न मला एका शिकलेल्या मुलाने सरळ विचारला होता, आणि तो वात्रटपणाने विचारला नव्हता.

याचे उत्तर ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आहे. ज्ञानाची लक्षणे सांगताना माउली अहिंसेवर इतके रेंगाळले आहेत की श्रोत्यांना वाटावे आता पुढे जातात की नाही. तेथे एक दृष्टांत आहे. भुंगा कमळावर पाय ठेवतो तो हळू ठेवतो. केसर चुरगळेल अशी त्याला शंका असते. नीट पाहा, भुंग्याच्या मनात केसर चुरगळण्याचा हेतू नव्हताच. हेतू नसणे एवढ्यावर अहिंसा पुरी होत असती तर हा दृष्टांत द्यायची गरज नव्हती. माउली हेतूच्या पलीकडची गोष्ट मागतात. ती म्हणजे शंका. माझ्या पायाखाली काही असेल का, ही शंका. ज्याला ती शंकाच येत नाही, त्याचा हेतू कितीही निर्मळ असला तरी केसर चुरगळलेच. पुढे वाणीचा विषय येतो तेव्हाही क्रम तोच: आधी स्नेह, मागून अक्षर. आणि कोणत्या गोष्टी त्या वाणीत नसतात याची यादी देताना उपहास, छळ आणि वर्मस्पर्श हे तिन्ही माउलींनी एका दमात घेतले आहेत. उपहासाला त्यांनी किरकोळ म्हणून वेगळे बसवले नाही. वर्मस्पर्श हा शब्द तर पोरांना मुद्दाम समजावून सांगावा असा आहे. वर्म म्हणजे जिथे बोट लागले की जीव कळवळतो ती जागा. आणि वर्गातल्या मित्राइतकी दुसऱ्याची वर्मे कोणाला माहीत असतात? परका माणूस शिवी देईल. बाप दारू पितो हे परक्याला ठाऊक नसते.

माउलींना उपहास पुस्तकातून कळला नव्हता. पैठणची कथा आपण सगळे ऐकत आलो. चारही भावंडे शुद्धिपत्रासाठी ब्रह्मवृंदापुढे उभी. परंपरेप्रमाणे मोजले तर ज्ञानदेवांचे वय तेव्हा आजच्या सातवी-आठवीच्या पोराएवढे. नाव विचारले, ज्ञानदेव म्हणून सांगितले. त्यावर कोणी म्हणाला, नावात काय आहे, तो पखालीचा रेडा येतो आहे, त्याचेही नाव ज्ञाना आहे. सभा हसली असेल. आपण कीर्तनात येथून झटकन रेड्यामुखी वेदांकडे जातो, कारण चमत्कार श्रोत्यांना आवडतो. पण त्याच्या अलीकडे एक क्षण आहे. रेड्यात आणि माझ्यात भेद नाही असे ज्ञानदेव म्हणाले, तेव्हा कोणी रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला आणि वळ या मुलाच्या पाठीवर उठले. मला या वयात वेदांपेक्षा ते वळ जास्त दिसतात. थट्टेचे असेच असते. आसूड एकीकडे पडतो, वळ भलतीकडे उठतो. पैठणच्या सभेला निदान तो वळ डोळ्यांनी दिसला. दिसला म्हणून तरी ती थबकली.

फोनवर वळ दिसत नाही. पारावर बसून चेष्टा चालते तेव्हा ज्याची चेष्टा चालली आहे त्याचे तोंड समोर असते. त्याचे ओठ थरथरले की एखादा जाणता म्हणतो, "बस झालं रे आता." थट्टेला लगाम असतो तो समोरच्याच्या चेहऱ्याचा. तो लगाम काढून घेतला की चांगल्या घरची लेकरेही उधळतात. आणि नुसता समोरच्याचा चेहरा जातो असे नाही, स्वतःचाही जातो. २०२० च्या मे महिन्यात दिल्लीत शाळकरी मुलांच्या एका इन्स्टाग्राम ग्रुपवरून देशभर गदारोळ झाला. तपासात पोलिसांना असे आढळले की त्या सुमारास फिरत असलेले, मुलाच्या नावाने केलेले एक भयंकर संभाषण एका मुलीनेच खोट्या नावाने केले होते. समोरच्या मुलाचा स्वभाव पाहावा म्हणून. म्हणजे सोंगाआडून परीक्षा! आपल्याकडे भारुडात सोंग घेतात तेव्हा सगळ्या गावाला ठाऊक असते की सोंगाखाली कोण आहे.

भारुडाचा विषय निघाला म्हणून सांगतो, वारकऱ्याला हसायचे वावडे नाही. नाथमहाराजांनी विंचू, जोशी, वासुदेव अशी सोंगे उभी केली आणि लोकांना पोट धरून हसवले. पण तो विंचू चावला कोणाला? सांगणाऱ्यालाच. कामक्रोधाचे विष माझ्या अंगात चढले आहे असे म्हणत तो नाचतो. श्रोता हसता हसता स्वतःचा पाय तपासू लागतो. गोरोबाकाकांच्या अंगणातली कथा याहून अवघड आहे. संतांचा मेळा बसलेला, मुक्ताईच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून मडके पक्के की कच्चे ते पाहू लागले. नामदेवांच्या डोक्यावर बसताच ते चिडले, काकांनी कच्चे म्हणून सांगितले, आणि सगळे संत हसले. एकाला धरून सगळ्यांनी हसणे, हे तर पोरांच्या ग्रुपसारखेच झाले की! मी पुष्कळ वेळा याचा विचार केला आहे. फरक मला असा दिसतो: थापटणे एकट्या नामदेवांवर पडले नाही, सगळ्यांच्या डोक्यावरून फिरले. समोर फिरले, पाठीमागे नाही. आणि कुंभार मडके थापटतो ते फोडायला थापटत नाही. तरीही नामदेव रडत पंढरीला गेले, हे कथेने लपवलेले नाही. संतांचे हसूसुद्धा लागते.

येथे घरचा आहेरही दिला पाहिजे. पोरे हे कोठून शिकली म्हणून आपण सिनेमाला आणि मोबाईलला दोष देतो. आमच्या कीर्तनात काय चालते? समोर बसलेल्या टकल्यावर, जाड बाईवर, सुनेवर, काळ्या पोरीच्या लग्नावर विनोद करून टाळ्या घेणारे कीर्तनकार मी तरुणपणापासून पाहत आलो. पूर्वी तो विनोद त्या मांडवात जिरायचा. आता त्याचे तुकडे करून यूट्यूबवर टाकतात, त्यावर गाणे लावतात, आणि पोरे अभंगाचे निरूपण सोडून तेवढा तुकडा पाहतात. काळी पोरगी मागच्या रांगेत आईजवळ बसलेली असते. नारदाच्या गादीवरून जे चालते ते शाळेच्या ग्रुपवर चालले तर लेकरांचे कान कोणत्या तोंडाने धरायचे?

आमच्या बीड जिल्ह्याची यात आणखी एक गोष्ट आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. कोयता घेऊन नवरा-बायको जातात, शिकणारी लेकरे आजा-आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा घरात फोन म्हणजे चैन नसते. फडावरून आई रात्री बोलते ती त्याच फोनवर. २०२० साली शाळा बंद होऊन अभ्यास फोनवर आला, तेव्हापासून तो लेकराच्या हातात कायमचा बसला. आजीला अक्षर येत नाही. नातू काय वाचून हसतो आहे, की काय वाचून गप्प झाला आहे, हे तिला कळायचे कसे? तिला तो फक्त जेवत नाही एवढे दिसते.

आणि आडनाव. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात माणसाचे आडनाव ऐकून लोक कपाळाला आठी घालू लागले. २०२५ साली बीडच्या पोलिसांनी टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावे काढून नुसती नावे ठेवली, एवढी पाळी आली. मोठ्यांच्या मनातले हे विष पोरांच्या ग्रुपवर गंमत होऊन उतरते. एकाच बाकावर बसणारी दोन पोरे एकमेकांच्या जातीच्या नेत्यावर, मोर्चावर, आरक्षणावर स्टिकर टाकतात. आधी हसतात, मग एक दिवस एकाने बापाला दाखवले की बाप हसत नाही. मग ते भांडण पोरांचे राहत नाही, गल्लीचे होते. वारीत आपण काय करतो? अनोळखी माणसाला नाव-गाव विचारण्याआधी माउली म्हणतो आणि पाया पडतो, तोही वाकतो. हा शिष्टाचार म्हणून चालत आला नाही. समोरच्याला चिडवायला जे जे लागते ते सगळे या एका हाकेने काढून घेतले आहे. वर्गातल्या पोरांनी एकमेकांना माउली म्हणावे असे मी सांगत नाही, ती त्याचीही थट्टा करतील. पण निदान घरात आपण आडनाव कोणत्या सुरात उच्चारतो ते ऐकायला हरकत नाही.

जो काही बोललाच नाही त्याचे काय? ग्रुपमध्ये चाळीस पोरे, बोलणारी पाच. पस्तीस नुसती पाहणारी. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाकडच्या एका प्रकरणात सांगितले की ग्रुपमधल्या सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा संगनमताचा हेतू दाखवल्याशिवाय, ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. कायदा म्हणून हे रास्तच आहे. दुसऱ्याच्या जिभेसाठी मला तुरुंग नको. पण कायदा जिथे सोडतो तिथे आपला विचार सुरू होतो. निंदा करणाऱ्याइतकाच ती गोड मानून ऐकणारा दोषी, हे आपल्याकडे नवे नाही. कीर्तनात मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे. विनोदाची पट्टी कीर्तनकार ठरवत नाही, मागे उभे असलेले टाळकरी ठरवतात. ते हसले की बुवा आणखी एक पायरी खाली उतरतो. एक म्हातारा टाळकरी असा होता की घाणेरडा विनोद झाला की तो टाळ थांबवायचा. बोलायचा काही नाही. बुवा गडबडून अभंगाच्या चरणावर परत यायचा.

नुसते पाठवून देणे म्हणजे काही करणे नव्हे, असेही पोरांना वाटते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झाले ते मोठ्यांनी विसरू नये. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवर हातोहात फिरत होती. भिक्षा मागत आलेल्या, मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यांनी कोणाचे काही केले नव्हते. त्याच महिन्यात कंपनीने आपल्या देशात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असा बांध घातला. अंगठा चालवणाऱ्या कुणाच्याही मनात खून नव्हता. शंका मात्र कुणालाच आली नव्हती.

मग पोरांच्या प्रत्येक थट्टेला पोलिस आणायचे का? त्याही वाटेने जाऊन पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरच्या साध्या मजकुरासाठी दोन तरुण मुलींना अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने नुसते पसंत केले होते. ज्या कलमाचा तेव्हा आधार घेतला ते ६६-अ पुढे मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. ठरवले ते बरे झाले. पण लेकराचा उघडा किंवा बनवलेला अश्लील फोटो फिरवणे ही थट्टा नाही, तो आजही गुन्हा आहे. तेथे १०९८ किंवा १९३० या क्रमांकावर फोन करायला बदनामीच्या भीतीने कचरू नये. बाकीच्या नव्वद गोष्टी शाळेत आणि घरात मिटवायच्या आहेत, आणि तेथेच आपली माणसे चुकतात.

चुकतात अशी, की दुखावलेल्या लेकरालाच उपदेश करतात. "दुर्लक्ष कर. नाथांच्या अंगावर तो यवन कितीदा थुंकला, नाथ तितक्यांदा गोदेत न्हाले, रागावले का?" कथा खरी मोलाची आहे, पण ती कोणाला सांगायची ते पाहावे. नाथांची शांती ही नाथांनी मिळवलेली गोष्ट आहे. ती चौदा वर्षांच्या पोरीकडून सक्तीने वसूल करता येत नाही. ती कथा थुंकणाऱ्याला ऐकवा.

दुखावलेल्यासाठी आपल्याकडे दुसरी कथा आहे. लोकांच्या टोचण्यांना कंटाळून ज्ञानदेव एकदा झोपडीची ताटी लावून आत बसले. साक्षात ज्ञानदेव! ज्यांनी पुढे विश्वासाठी मागणे मागितले, त्यांनाही एक दिवस कुणाचे तोंड पाहू नये असे वाटले, आणि संप्रदायाने ही गोष्ट झाकून ठेवली नाही, तिचे अभंग केले. तेव्हा ताटीबाहेर कोण आले? टवाळी करणारे समजूत घालायला आले नाहीत. गावातला कोणी मोठा माणूस "एवढं काय मनाला लावून घेतोस" म्हणत आला नाही. धाकटी बहीण आली, दाराशी बसली, आणि एकदा हाक मारून निघून न जाता पुन्हा पुन्हा विनवत राहिली. ताटीच्या अभंगांत मुक्ताई दादाला कठोर बोलते असेही कुणी म्हणेल. पण तो अधिकार तिला होता, कारण लोकांचे तेच बोल तिनेही सोसले होते. ज्याने सोसले नाही त्याने दुसऱ्याला सोसायला सांगू नये. आषाढीला मुक्ताईची पालखी मुक्ताईनगराहून गेवराई-बीडवरून पंढरीला जाते, तेव्हा आपण रस्त्यावर रांगोळ्या काढतो. आपल्या घरातल्या एखाद्या ताटीबाहेर आपण किती वेळ बसलो, हे त्या दिवशी आठवले तरी पुष्कळ.

आणि ती आठ मुले? किंवा आपल्या गावातली पाच? त्यांना निलंबित करणे भाग असेल. पण निलंबित मुलगा घरी बसतो तो त्याच फोनजवळ बसतो. विसोबांची कथा येथे फार उपयोगाची आहे. या भावंडांचा द्वेष करणारा गावातला पहिला माणूस म्हणजे विसोबा. मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून त्याने कुंभारांना दटावले, तीही थट्टाच. ज्ञानदेवांनी जठराग्नी पेटवून आपल्या पाठीवर मांडे भाजू दिले, असे कथा सांगते. विसोबाने ते पाहिले आणि तो बदलला. तो कुणाच्या शिक्षेने बदलला नाही आणि कुणी "जाऊ दे, पोरबुद्धी" म्हटल्यानेही बदलला नाही. आपण कोणाच्या पोटावर पाय दिला ते त्याने जवळून पाहिले. आजच्या पोरांना हे पाहू द्यायला हवे: बंद खोली, न उघडलेले दप्तर, जेवण टाकून बसलेली तिची आई. मुलीची आणि तिच्या घरच्यांची तयारी असेल तरच, आणि मोठे माणूस बरोबर असताना. माफीचा मेसेज पाठवून भागत नाही, कारण तो ज्या फोनवर येतो त्याच फोनवर ते सगळे आले होते.

गोरोबांच्या अंगणातून हसू घेऊन गेलेल्या नामदेवांना विठ्ठलाने ज्याच्याकडे गुरू कर म्हणून पाठवले, तो औंढ्या नागनाथाच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून पडलेला म्हातारा हाच विसोबा होता.

कार्तिकीनंतर गावे रिकामी होतात. आमच्याकडे त्या दिवसांत हरिपाठाला चार म्हातारे आणि पंधरा-वीस पोरे एवढेच उरतात. फोन बाहेर ठेवा असे आम्ही त्यांना सांगत नाही, कारण आठच्या सुमारास फडावरून कुणाच्या तरी आईचा फोन येतो. तो आला की हरिपाठ थांबतो, पोरगे देवळाच्या पायरीवर जाऊन बोलून येते, आणि मग राहिलेल्या अभंगापासून पुन्हा सुरू करतो.